घर विकण्याआधी दुरुस्ती: कुठे खर्च करावा, कुठे हात आखडता घ्यावा?

घर विकायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिला फोन रंगाऱ्याला जातो. आठवड्याभरात भिंती उजळतात, घर नवं दिसू लागतं. मग पहिला जोराचा पाऊस होतो आणि छताच्या कोपऱ्यात तोच जुना पिवळट डाग पुन्हा उमटतो. घर बघायला आलेला माणूस मान वर करून विचारतो, "इथं गळतं का हो?" त्यानंतर भावाची सगळी बोलणी त्या डागाभोवतीच फिरतात.

मुंबई, ठाणे किंवा पुण्यातल्या वीस-तीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट विकायचा असेल, तर रंगाआधी काय करायला हवं ते समजून घेऊ.

एका डागामुळे भाव एवढा का पडतो?

डागामागचं काम काही हजारांत होणारं आहे की काही लाखांचं, हे खरेदीदाराला कळायला मार्ग नसतो. त्यामुळे तो सर्वात वाईट शक्यता धरून चालतो आणि तेवढी रक्कम भावातून कमी करायला सांगतो. दुरुस्तीचा खरा खर्च बहुतेक वेळा त्यापेक्षा कमी असतो. म्हणून डाग झाकण्यापेक्षा त्याचं कारण शोधणं, ते दूर करणं आणि कामाचं बिल दाखवता येणं हे विकणाऱ्याच्या जास्त फायद्याचं ठरतं.

ओल कुठून येते, हे कसं ओळखायचं?

ओल कधी वाढते, यावर लक्ष ठेवा.

- फक्त पावसाळ्यात वाढत असेल, तर पाणी गच्चीतून, बाहेरच्या भिंतीच्या भेगांमधून किंवा खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटीतून येत असण्याची शक्यता जास्त. बाहेरच्या पाइपजवळ पिंपळाचं रोप उगवलं असेल, तर त्याची मुळं भेग रुंदावत जातात.
- बाथरूम वापरल्यावर वाढत असेल, तर फरशीचे सांधे, न्हाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याच्या पाइपचा जोड तपासावा.
- घर बंद असतानाही तशीच राहत असेल, तर भिंतीतल्या पाण्याच्या नळजोडणीवर संशय घ्यावा. त्या पाइपमध्ये दाब कायम असतो, त्यामुळे पाणी झिरपतच राहतं.

बाथरूमची सोपी चाचणी करता येते. न्हाणी ट्रॅप घट्ट बंद करून फरशीवर दोनेक इंच पाणी भरायचं, पातळीची खूण करायची आणि 24 तास पाणी तसंच ठेवायचं. बाथरूम त्या काळात वापरायचं नाही. खालच्या घरात ओल दिसली, तर गळती फरशीतूनच आहे हे स्पष्ट होतं. अर्थात, चाचणीआधी खालच्या शेजाऱ्यांना कल्पना द्यायला हवी.

भिंतीवर पांढरी पूड, म्हणजे लोणा, दिसत असेल तर ते पाण्यासोबत बाहेर आलेले क्षार असतात. पूड खरवडून वर पुट्टी आणि रंग लावला, तरी पाणी बंद झालेलं नसतं. काही महिन्यांत पुन्हा पोपडे निघतात.

खर्च कोणी करायचा?

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये याची विभागणी आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि सांडपाणी वाहिन्यांची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असते. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत किंवा त्याचा गिलावा खराब झाला, तर तोही सोसायटीनेच दुरुस्त करायचा. घरातल्या संडास-बाथरूम, सिंक यांची गळती मात्र त्या-त्या सदस्याच्या खर्चात येते.

म्हणजे कारण बाहेरचं असेल, तर स्वतःचे पैसे घालण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. कमिटीला निर्णयासाठी वेळ लागतो. म्हणून घराची जाहिरात देण्याच्या बऱ्याच आधी हा अर्ज जायला हवा.

छतातून गज दिसत असतील तर?

हे काम रंगाऱ्याचं नाही. गज गंजला की फुगतो आणि त्याच्या दाबाने भोवतीचं काँक्रीट सुटतं. वरून फक्त सिमेंट थापलं, तर आतला गंज वाढतच राहतो. सैल काँक्रीट काढून गज साफ करणं, त्यावर गंजरोधक थर देणं आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भाग भरणं, हे काम अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावं.

उपविधींनुसार 15 ते 30 वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. सोसायटीकडून त्याची प्रत मिळवून ठेवा. खरेदीदार ती मागण्याची शक्यता असते.

कमी खर्चात काय करता येईल?

- गळके नळ, न वाहणारा फ्लश, तुंबलेलं सिंक.
- अडकणाऱ्या खिडक्या, पावसाने फुगलेलं बाथरूमचं दार, सैल बिजागऱ्या आणि कड्या.
- तुटके स्विच, उघड्या वायरी. ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवलेली असेल, तर तिचं टेस्ट बटण दाबल्यावर ती लगेच पडायला हवी. नाही पडली तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.
- फरशांमधलं काळं पडलेलं ग्राउट, वाळवीची तपासणी आणि माळ्यावरची अडगळ.

या किरकोळ गोष्टी नीट असल्या की घराकडे मालकाचं लक्ष होतं, हे न सांगता कळतं.

खर्च कुठे करू नये?

नवं मॉड्यूलर किचन, फॉल्स सीलिंग किंवा सगळ्या घराची फरशी बदलणं टाळा. अनेक खरेदीदार ताबा मिळाल्यावर आपल्या आवडीने काम करून घेतात. तुमचा पूर्ण खर्च भावात वसूल होईलच असं नाही.

एका गोष्टीकडे मात्र जरूर बघा. भिंत काढली असेल किंवा बाल्कनी खोलीत घेतली असेल, तर मंजूर नकाशाशी ताडून पाहा. खरेदीदाराचं गृहकर्ज मंजूर करताना बँकेचा मूल्यांकन करणारा हा फरक नोंदवू शकतो आणि व्यवहार तिथे अडू शकतो.

राहिलेला दोष सांगावा का?

सांगावा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर विक्रेत्याला माहीत असलेला पण खरेदीदाराला साध्या तपासणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो न सांगणं कायदा फसवणूक मानतो. डागावर रंग मारून गप्प बसलं, तर प्रश्न फक्त भावाचा राहत नाही.

कामाचा क्रम कसा असावा?

पावसाळ्यातच ओलीच्या जागा आणि तारखा फोटोंसह टिपून ठेवा. गळतीचं काम कोरड्या महिन्यांत करा. नव्या गिलाव्यावर पाणी मारून तो मुरू द्या, नंतर तीन-चार आठवडे पूर्ण वाळू द्या. रंगाचं काम सगळ्यात शेवटी. बिलं, हमीपत्रं, सोसायटीशी झालेला पत्रव्यवहार आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो एका फायलीत ठेवा. घर बघायला आलेल्याने "इथं गळतं का हो?" असं विचारलं, की ती फाइल त्याच्या हातात द्या.