मराठी संदर्भसूचीचा साचा: झोटेरोमध्ये स्वतःची शैली कशी घडवावी

शीवच्या परिसरात दोन तऱ्हांचे संशोधक विद्यार्थी राहतात. पहिला लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातला निवासी डॉक्टर. वॉर्डातली ड्यूटी संपली की रात्री जागून तो डिझर्टेशन लिहितो. दुसरी मराठी साहित्यात पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी. शीवहून धीमी लोकल पकडून ती दादरला उतरते आणि नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जुने अंक चाळत बसते. दोघांनाही प्रबंधाच्या शेवटी संदर्भसूची जोडायची आहे आणि दोघांच्याही लॅपटॉपवर झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे.

पहिल्याचं काम सोपं आहे. वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले आणि त्यांनी हस्तलिखितांसाठी सामाईक नियम ठरवले. पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झाले. संदर्भाला क्रमांक देण्याची ती 'व्हँकुव्हर' पद्धत आज प्रत्येक संदर्भ सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते. मराठीत लिहिणारीला मात्र यादीत आपली शैली सापडत नाही. तिच्या विभागाचे संकेत मार्गदर्शकांच्या सवयीत आणि जुन्या प्रबंधांच्या शेवटच्या पानांत विखुरलेले असतात. म्हणून ती सूची हाताने टंकते आणि एक प्रकरण मागेपुढे झालं की पुन्हा सगळी तपासत बसते.

हा त्रास टाळता येतो. शैली म्हणजे एक साधी मजकूर फाइल. ती वाचता येते, बदलता येते आणि मराठीसाठी नव्याने घडवताही येते. त्यासाठी प्रोग्रॅमिंग शिकावं लागत नाही. नियम स्पष्ट हवेत आणि एखाद-दोन संध्याकाळी निवांत हव्यात.

फाइलच्या आत काय असतं

झोटेरो हे अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालेलं आणि २००६ साली खुलं झालेलं मोफत सॉफ्टवेअर. त्यातल्या संदर्भशैली 'सायटेशन स्टाइल लँग्वेज' म्हणजे सीएसएल नावाच्या सामाईक भाषेत लिहितात. मेंडली हे दुसरं संदर्भ सॉफ्टवेअरही हीच भाषा वापरतं, त्यामुळे एकदा घडवलेली शैली तिथेही उपयोगी पडते. एंडनोट या आणखी एका सॉफ्टवेअरच्या शैलीफाइल वेगळ्या असतात, त्यांना हे लागू नाही. सीएसएलच्या खुल्या संग्रहात दहा हजारांहून अधिक शैली आहेत.

पूर्ण शैलीचे मुख्य भाग पाच. 'इन्फो' भागात शैलीचं नाव, ओळख-पत्ता आणि कर्त्याची माहिती असते. 'लोकेल' भागात छापायचे ठरावीक शब्द असतात: 'संपादक', 'आवृत्ती', 'पृष्ठ', 'आणि इतर'. 'मॅक्रो' म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारे छोटे तुकडे, जसं लेखकाचं नाव कसं छापायचं किंवा प्रकाशक कसा. 'सायटेशन' भाग मजकुरातला संदर्भ ठरवतो आणि 'बिब्लिओग्राफी' भाग शेवटची सूची. फाइलमधले हे शब्द रोमन लिपीत असतात, इथे ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत.

आधी कागद, मग संगणक

सुरुवात झोटेरो न उघडता करावी. एका कोऱ्या कागदावर आपल्याला हव्या त्या रूपात चार नोंदी हाताने लिहाव्यात: एक पुस्तक, संपादित ग्रंथातला एक लेख, नियतकालिकातला एक लेख आणि एक अप्रकाशित प्रबंध. उदाहरणार्थ:

कर्वे, इरावती. युगान्त. पुणे: देशमुख आणि कंपनी, १९६७.

या एका ओळीत अनेक निर्णय दडलेले आहेत. आडनाव आधी. त्यानंतर स्वल्पविराम. प्रकाशनस्थळ प्रकाशकाच्या आधी आणि मध्ये अपूर्णविराम. साल शेवटी. पुस्तकाचं नाव तिरक्या ठशात की एकेरी अवतरणात? देवनागरीचे तिरके ठसे सगळ्याच फाँटमध्ये चांगले दिसत नाहीत, म्हणून पुष्कळ मराठी संपादक ठळक ठसा किंवा एकेरी अवतरण पसंत करतात. हे आत्ताच ठरवून घ्यावं आणि तो कागद मार्गदर्शकांना दाखवून त्यांची संमती घ्यावी. पुढची सगळी कामं या कागदावर उभी राहतात.

नोंदी भरताना

शैली कितीही चांगली असली तरी चौकटीत चुकीचं भरलेलं ती सुधारत नाही. मराठी नोंदी भरताना तीन ठिकाणी विशेष लक्ष द्यावं.

पहिलं, नावं. झोटेरोत व्यक्तीचं नाव आडनाव आणि नाव अशा दोन चौकटींत भरता येतं किंवा एकाच चौकटीत. ज्ञानेश्वर, मुक्ताबाई, केशवसुत, कुसुमाग्रज यांना आडनावाची चौकट लागूच पडत नाही, त्यांच्यासाठी एकच चौकट निवडावी. इंग्रजी शैलींत यंत्र नावाची आद्याक्षरं आपोआप कापतं. मराठीत ते काम त्याच्यावर सोपवू नये. चिंतामणचं 'चिं.' होतं आणि श्रीपादचं 'श्री.', नुसता पहिला वर्ण घेऊन भागत नाही. 'श्री. के.' किंवा 'चिं. वि.' आपणच लिहावं आणि शैलीतून 'इनिशियलाइझ-विथ' ही सूचना काढून टाकावी. देवनागरी नावांत आडनावानंतरचा स्वल्पविराम आणि मोकळी जागा नीट छापली जाते का, तेही एका नोंदीवर तपासावं. छापली जात नसेल तर 'कर्वे, इरावती' असं पूर्ण नाव एकाच चौकटीत भरावं. जसं भरलं तसंच ते छापलं जातं आणि सुरुवात आडनावाने असल्यामुळे क्रमही बिघडत नाही.

दुसरं, अंक. साल, खंड, अंक, पृष्ठ या चौकटींत इंग्रजी अंक भरणं सुरक्षित, कारण यंत्र त्यांनाच भरवशाने संख्या म्हणून ओळखतं. देवनागरी अंक हवे असतील तर शेवटी सोय आहे, ती पुढे सांगतो.

तिसरं, शके. जुन्या मराठी पुस्तकांवर अनेकदा फक्त शकाचं साल असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि वर्षाचे शेवटचे महिने पुढच्या सनात जातात. शके १८२५ म्हणजे १९०३-०४. सालाच्या चौकटीत सन भरावा, म्हणजे क्रमवारी बरोबर लागते. पुस्तकावरचा मूळ शक 'एक्स्ट्रा' चौकटीत टिपून ठेवावा, म्हणजे पुढचा वाचक ग्रंथालयात तीच प्रत ओळखू शकतो.

जवळची शैली शोधा

शून्यापासून लिहिण्यापेक्षा आपल्या कागदाशी जुळणारी तयार शैली घेऊन ती बदलणं सोपं. सीएसएलच्या व्हिज्युअल एडिटर या ऑनलाइन साधनात एक नमुना नोंद आपल्या पद्धतीने मांडून दाखवली की ते जवळच्या शैली शोधून देतं.

संग्रहातल्या बहुतेक शैली 'अवलंबी' असतात. त्यांत स्वतःचे नियम नसतात, फक्त एका मूळ शैलीकडे बोट दाखवलेलं असतं. बदल करायचा तो मूळ शैलीच्या फाइलमध्ये.

फाइल मिळाली की सर्वांत आधी 'इन्फो'मधलं नाव आणि ओळख-पत्ता, दोन्ही बदलावेत. ओळख जुनीच राहिली तर झोटेरो तिला संग्रहातली शैली समजतं आणि पुढच्या स्वयंचलित अद्ययावतीकरणात आपले बदल पुसून टाकतं. नव्याने शिकणाऱ्यांचे कष्ट इथेच वाया जातात.

हात बसवायला एक लहान बदल करून पाहावा. व्हँकुव्हरमध्ये सातपासून पुढे लेखक असतील तर पहिले सहा छापून 'आणि इतर' येतं. फाइलमध्ये 'एट-अल-मिन' समोर ७ आणि 'एट-अल-यूज-फर्स्ट' समोर ६ लिहिलेलं दिसेल. त्या जागी ४ आणि ३ केले की सूची लगेच बदलते. एखाद्या नियतकालिकाला तीनच नावं हवी असतील तर आपल्या निवासी डॉक्टरचं काम इथेच संपलं.

मराठी शब्द, मराठी क्रम

मराठीसाठी पुढचं पाऊल 'लोकेल'. शैलीच्या फाइलमध्येच मराठीचा लोकेल विभाग जोडून शब्द द्यावेत: संपादकासाठी 'संपा.', अनुवादकासाठी 'अनु.', पृष्ठासाठी 'पृ.', आवृत्तीसाठी 'आवृ.', पूर्वीच्याच संदर्भासाठी 'तत्रैव'. इथे दिलेला शब्द सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या यादीवर मात करतो. शब्द कुठेच सापडला नाही तर यंत्र शेवटी अमेरिकन इंग्रजीच्या यादीकडे वळतं. मराठी सूचीत मध्येच इंग्रजी शब्द दिसला तर तो लोकेलमध्ये द्यायचा राहून गेला, असं समजावं.

मराठी प्रबंधात इंग्रजी पुस्तकंही येतातच. प्रमाण सीएसएलमध्ये 'नोंद मराठी असेल तर' अशी थेट अट नाही, पण एखादी चौकट भरलेली आहे की रिकामी हे विचारता येतं. म्हणून एरवी न लागणारी एखादी सीएसएल चौकट मराठी नोंदींच्या 'एक्स्ट्रा'मध्ये खूण म्हणून भरावी. शैलीत 'चूज' आणि 'इफ' वापरून ही खूण असेल तर मराठी मांडणी, नसेल तर इंग्रजी मांडणी, अशा दोन वाटा कराव्यात. 'आणि इतर'साठी सीएसएलमध्ये दोन वेगळे शब्द उपलब्ध आहेत. एक मराठी ठेवावा, दुसरा इंग्रजी, आणि ज्या वाटेला जो हवा तो जोडावा.

मॅक्रो, ग्रुप आणि दिवाळी अंक

आता मॅक्रो. विरामचिन्हं प्रत्येक तुकड्याच्या शेवटी हाताने चिकटवू नयेत. प्रकाशक नसेल तर तिथे दोन स्वल्पविराम उरतात. त्यापेक्षा तुकडे 'ग्रुप'मध्ये ठेवून मधलं चिन्ह 'डिलिमिटर' म्हणून एकदाच द्यावं. जो तुकडा रिकामा, त्याच्यासोबतचं चिन्हही गळतं. ग्रुपमधल्या सगळ्या चौकटी रिकाम्या असतील तर 'पृ.'सारखा शब्दही छापला जात नाही. नोंदीला लेखक नसेल तर संपादक, तोही नसेल तर शीर्षक पुढे आणण्यासाठी नावाच्या मॅक्रोत 'सब्स्टिट्यूट' ठेवावा.

मराठीची एक गरज इंग्रजी शैलींना माहीत नाही, ती म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतलं कितीतरी मोलाचं लेखन आधी दिवाळी अंकांत आलं. 'अंक' या चौकटीत तिथे आकडा नसतो, 'दिवाळी' असतं. सीएसएलमध्ये 'इज-न्यूमेरिक' ही परीक्षा आहे. चौकटीत आकडा असेल तर 'अंक ३' छापा, नसेल तर भरलेला शब्द घेऊन पुढे 'अंक' जोडा, म्हणजे 'दिवाळी अंक' तयार होतं. एवढ्या एका अटीने सूचीतल्या सगळ्या दिवाळी अंकांच्या नोंदी सारख्या होतात.

सूचीचा क्रम आणि तपासणी

'बिब्लिओग्राफी'त आधी क्रम ठरवावा: लेखक, मग साल, मग शीर्षक. छापून आल्यावर क्षीरसागर हे आडनाव कुठे पडलं ते अवश्य पाहावं. मराठी वर्णक्रमात 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी येतात, पण नुसत्या युनिकोड क्रमाने गेलं तर क्षीरसागर 'क'मध्ये शिरतात. तसं झालं तर शेवटच्या प्रतीत त्या नोंदी हाताने हलवाव्यात.

झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये संदर्भ देण्याशी संबंधित 'साइट' विभागात 'स्टाइल एडिटर' आणि 'स्टाइल प्रिव्ह्यू' आहेत. एडिटरमध्ये बदल केला की खाली निवडलेल्या नोंदी नव्या रूपात दिसतात. तपासणीसाठी अवघड नोंदींचं एक छोटं संकलन करावं: लेखक नसलेली, साल नसलेली, दोन संपादकांची, अनुवादित, दिवाळी अंकातली, एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन पुस्तकं. शेवटच्या प्रकारात, शैलीत तशी सूचना असेल तर, यंत्र सालापुढे रोमन अक्षरं जोडतं. 'अ' आणि 'आ' हवे असतील तर ते शेवटी हाताने बदलावे लागतात. प्रत्येक नोंद पहिल्या कागदावरच्या नमुन्याशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावी.

देवनागरी अंकांची सोयही अगदी शेवटी. प्रबंध पूर्ण झाला की त्याची प्रत काढावी आणि त्या प्रतीत वर्डच्या झोटेरो पट्टीवरील 'अनलिंक सायटेशन्स'ने संदर्भ साध्या मजकुरात बदलावेत. मग मराठी नोंदींतले अंक शोधून बदलावेत. मूळ फाइल जिवंत ठेवावी, परीक्षकांनी सुधारणा सांगितल्या तर तीच लागते.

एकीने केलेलं काम सगळ्यांच्या उपयोगी

संदर्भसूची वाचकाला त्या पुस्तकापर्यंत पोहोचवण्यासाठी असते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची याच भावनेने एकहाती सिद्ध केली. आपल्या हाताशी आज यंत्र आहे. नियम मात्र माणसांनीच ठरवायचे असतात, आणि मराठीचे नियम मराठीत लिहिणाऱ्यांनी ठरवायला हवेत.

तयार झालेली शैली एका फाइलमध्ये मावते आणि ईमेलने पाठवता येते. समोरच्याने ती झोटेरोत उघडली की लगेच वापरता येते. सीएसएलच्या खुल्या संग्रहातही ती तपासणीसाठी पाठवता येते. एखाद्या मराठी विभागाने एका बैठकीत नियमांचं एक पान आणि ही एक फाइल पक्की केली, तर त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे शेवटचे आठवडे स्वल्पविराम मोजण्याऐवजी संशोधनाचा युक्तिवाद पक्का करण्यात जातील. विभागप्रमुखांनी हा विषय पुढच्याच बैठकीत घ्यावा.