समजून घ्या : नातीचे २,२५० रुपये सुरू झाले, तर आजीचे १,५०० बंद होतात का?

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गावांत आणि वाड्यांत मूल आजीकडे वाढणे ही काही नवी गोष्ट नाही. कुठे बाप वारला आणि आईने दुसरे घर केले, कुठे दोघेही गेले, कुठे आई अंथरुणाला खिळलेली. मूल आजीच्या, आत्याच्या किंवा मावशीच्या पदरात येते. शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. पोरक्या झालेल्या मुलांचे काय, हा प्रश्न तेव्हा सगळ्या राज्याने विचारला. एरवी एकेका घरात एकेक मूल पोरके होते, तेव्हा तो प्रश्न फक्त त्या घरापुरता असतो.

अशा मुलांसाठी सरकारचे पैसे आहेत. पण अर्ज करा म्हटले की आजी आधी विचारते, ‘माझी पेन्शन जाणार नाही ना?’ हातचे सोडून पळत्याच्या मागे लागायची तिची तयारी नसते, आणि त्यात तिचे काही चुकत नाही.

थोडक्यात उत्तर असे : दोन्ही लाभ एकत्र चालतात. मुलाचे पैसे मुलाचे, आजीची पेन्शन आजीची. मात्र उत्पन्नाच्या दाखल्यात हे दोन्ही एकत्र मिसळले, तर गणित बिघडू शकते. ते कसे, ते पाहू.

मुलासाठी नेमके कोणते पैसे?

राज्याची बालसंगोपन योजना २००५ पासूनची. अनाथ, एक पालक असलेली किंवा आई-वडील सांभाळू शकत नाहीत अशी १८ वर्षांखालील मुले संस्थेत न जाता घरातच वाढावीत, हा तिचा हेतू. सुरुवातीला महिन्याला ४२५ रुपये मिळत. कोरोनानंतर, २०२१ मध्ये ते १,१०० झाले आणि २०२३ मध्ये २,२५०. तेव्हाच योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.

दुसरी योजना केंद्राची, मिशन वात्सल्य. तीत प्रायोजकत्वाखाली मुलामागे महिन्याला ४,००० रुपये मिळतात. ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावे लागते. एकाच मुलासाठी दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत, एक निवडावी लागते. (गंमत म्हणजे राज्याने २०२१ मध्ये कोरोनात पती गमावलेल्या महिलांसाठी सुरू केलेल्या उपक्रमाचे नावही मिशन वात्सल्यच होते. कार्यालयात नुसते ‘वात्सल्यचा फॉर्म’ म्हणालात तर कोणता, हे विचारून घ्या.)

प्रतिपालकत्व, म्हणजे ज्याला आपण फोस्टर केअर म्हणतो, ते यापेक्षा वेगळे. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार प्रतिपालक कुटुंब हे मुलाच्या जन्मदात्या कुटुंबाबाहेरचे असते. त्यामुळे सख्खी आजी सहसा प्रतिपालक ठरत नाही. ती नातेवाईक म्हणून सांभाळणारी पालक असते आणि तिचा रस्ता बालसंगोपन किंवा प्रायोजकत्वातून जातो.

आजीचे कोणते पैसे?

६५ वर्षांवरील आजीला बहुधा श्रावणबाळ योजनेची पेन्शन असते. त्याहून लहान आणि विधवा असेल तर संजय गांधी निराधार योजनेची. दोन्हींची रक्कम २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत दाखवावे लागते.

या २१,००० वर जरा थांबायला हवे. महिन्याचे झाले १,७५०. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाने वर्षात ६८ दिवस काम केले, की मर्यादा ओलांडली. पेन्शन ६०० वरून १,००० आणि १,००० वरून १,५०० झाली, उत्पन्नाची मर्यादा जागेवरच राहिली. आज पेन्शनचेच वर्षाचे १८,००० होतात.

आता नातीचे २,२५० घ्या. वर्षाचे २७,०००.

आजीची सगळी भीती या एका आकड्यात आहे. २७,००० हे २१,००० पेक्षा जास्त. घरात एक रुपयाची कमाई नसली, तरी मुलाचे अनुदान ‘कुटुंबाचे उत्पन्न’ म्हणून लिहिले गेले, तर आजी कागदावर निराधार उरत नाही.

मग ते उत्पन्नात धरायचे की नाही?

धरायचे नाही, असे मानायला भक्कम कारणे आहेत. बालसंगोपनाचा आदेश जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते आणि तो मुलाच्या नावाने असतो. लाभार्थी मूल आहे, आजी नाही. आजी फक्त ते पैसे मुलावर खर्च करणारी. हे पैसे तिने कमावलेले नाहीत आणि स्वतःवर खर्च करायची तिला मुभाही नाही.

दुसरे कारण मला जास्त पटते. मी इंजिनीअरिंग केलेला माणूस, नियम समजला नाही की त्यात आकडे घालून बघतो. मिशन वात्सल्यचे ४,००० रुपये म्हणजे वर्षाचे ४८,०००. एका आजीकडे दोन नातवंडे असली तर ९६,०००. पण त्याच योजनेची उत्पन्न मर्यादा आहे ७२,०००! अनुदानच उत्पन्न धरले, तर योजनेचा लाभ मिळाला म्हणूनच कुटुंब त्या योजनेतून बाद होईल. नियम करणाऱ्याच्या मनात हे असणे शक्य नाही.

तिसरे म्हणजे सरकारने स्वतः दोन्ही लाभ एकत्र दिले आहेत. २०२१ मध्ये कोरोनातील विधवांसाठी तालुका पातळीवर समित्या नेमल्या, तेव्हा आईसाठी संजय गांधी आणि मुलांसाठी बालसंगोपन, असे दोन्ही अर्ज भरून घेण्याचे काम त्यांच्याकडे होते. जे विधवा आईला चालते, ते आजीला चालायला अडचण काय?

ब्रिटनमध्ये प्रतिपालक कुटुंबाला मिळणारा भत्ता युनिव्हर्सल क्रेडिट ही तिथली मदत ठरवताना उत्पन्नात धरत नाहीत, आणि तसे नियमातच लिहिलेले आहे. आपल्याकडेही उत्पन्नाच्या दाखल्याच्या नियमात अशी एक ओळ आली, तर तलाठ्याला विचार करावा लागणार नाही आणि आजीला काळजी.

‘लाडकी बहीण’चे काय?

आजीऐवजी चाळिशीची आत्या भाच्याला सांभाळत असेल, तर प्रश्न लाडकी बहीण योजनेचा येतो. इथली भीती ऐकीव नाही. २०२५ च्या सुरुवातीला अपात्र ठरलेल्या महिलांमध्ये सुमारे २ लाख ३० हजार महिला संजय गांधी योजनेच्या लाभार्थी होत्या, असे महिला व बालविकासमंत्री आदिती तटकरे यांनीच सांगितले होते. त्या रायगडच्याच, श्रीवर्धनच्या आमदार. तेव्हापासून ‘दोन योजना घेतल्या की एक कापतात’ हे गावोगावी पक्के झाले.

पण कापतात कोणाचे, ते नीट वाचायला हवे. जून-जुलै २०२४ च्या शासन निर्णयांनुसार, लाभार्थी महिलेने स्वतः, शासनाच्या इतर विभागाच्या योजनेतून दरमहा १,५०० किंवा जास्त रक्कम घेतली असेल, तर ती अपात्र. संजय गांधीची पेन्शन सामाजिक न्याय विभागाची आणि त्या बाईच्याच नावाची, म्हणून ती अडकली. शेतकरी महिलांना पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून महिन्याला १,००० पडतात, म्हणून त्यांना लाडकी बहीणचे फक्त फरकाचे ५०० मिळतात.

भाच्याचे बालसंगोपन या दोन्ही कसोट्यांत बसत नाही. ते आत्याच्या नावाचे नाही आणि ‘इतर विभागा’चेही नाही. लाडकी बहीण आणि बालसंगोपन, दोन्ही योजना महिला व बालविकास विभागाच्याच. शिवाय लाडकी बहीणच्या अडीच लाखांच्या मर्यादेसाठी कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. भाचा त्यात येत नाही.

रेशनचा मुद्दा थोडा वेगळा. मुलाचे नाव आई-वडिलांच्या कार्डावरून कमी करून आजीच्या कार्डावर चढवले, तर प्राधान्य कुटुंबाला त्याचे महिन्याचे पाच किलो धान्य वाढते. अंत्योदय कार्डावर मात्र माणसे वाढली तरी ३५ किलोच. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,००० रुपयांची मर्यादा आहे. इथेही दोन मुलांचे बालसंगोपन (५४,०००) चुकून उत्पन्नात गेले, तर कार्डच धोक्यात.

चूक होते कुठे?

बहुतेकदा बँक पासबुकात. बालसंगोपनाचे पैसे दर महिन्याला नेमाने येतातच असे नाही. कित्येकदा काही महिन्यांचे एकदम जमा होतात. आजीच्या पेन्शनच्याच खात्यात अचानक १३,५०० किंवा २७,००० दिसले, की बघणाऱ्याला ते उत्पन्न वाटते. म्हणून मुलाच्या नावाने, पालकाबरोबरचे वेगळे खाते उघडा आणि अनुदान त्यातच येऊ द्या. आजीचे खाते फक्त पेन्शनपुरते ठेवा. दोन पासबुके सांभाळणे कटकटीचे आहे, पण उद्या कोणी विचारले तर दाखवायला तोच पुरावा.

दुसरी जागा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज. सेतू केंद्रातला मुलगा घाईत ‘वर्षाला किती येतात?’ असे विचारतो आणि आजी भाबडेपणाने सगळे मिळून सांगते. तिथे शेती, मजुरी, नोकरी, धंदा यांतून आलेले उत्पन्न सांगायचे असते. बालसंगोपन लपवू नका. कोणी विचारले तर बाल कल्याण समितीचा आदेश पुढे करा आणि ‘हे मुलाच्या संगोपनाचे अनुदान आहे, माझे उत्पन्न नाही’ असे स्पष्ट सांगा. शक्य असेल तर तेच एका ओळीत अर्जासोबत लिहून द्या. आदेशाची झेरॉक्स घरात दोन-तीन तरी असू द्या.

पेन्शन थांबलीच तर आधी कारण शोधा. हयातीचा दाखला राहिला असेल किंवा आधार बँक खात्याशी जोडलेले नसेल, तर दोष बालसंगोपनाचा नाही. कारण खरोखर उत्पन्नाचे असेल, तर कर्जतच्या तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि निर्णयही लेखीच मागा. ‘साहेब म्हणाले’ यावर पुढे अपील करता येत नाही.

अर्ज करायचा कुठे?

बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो. रायगडचे मुख्यालय अलिबाग. कळंबहून तिथे जायचे तर कर्जत, खोपोली, पेण करत अख्खा दिवस मोडतो आणि एका दिवसाचा रोजही बुडतो. त्यामुळे कागद अपुरे घेऊन जाऊ नका. मुलाचे आणि आजीचे आधार कार्ड, आई-वडिलांचा मृत्यूचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि पासबुक लागते. अंगणवाडी सेविकेला किंवा शाळेतल्या गुरुजींना आधी विचारा. तालुक्यात अर्ज घेणारे कोणी असेल तर त्यांना ठाऊक असते. फोनवर विचारायचे तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

नंतर गृहभेट होते. मूल कुठे झोपते, शाळेत जाते का, सांभाळणारे कोण, हे पाहिले जाते. योजना घरात वाढणाऱ्या मुलासाठी आहे. नात निवासी आश्रमशाळेत राहून फक्त सुट्टीत घरी येत असेल, तर अर्जात तसेच लिहा. आई-वडील दोघे हयात आहेत आणि वीटभट्टीचा हंगाम संपला की परत येणार आहेत, अशा मुलांसाठी ही योजना नाही. ती मुलेही चार-सहा महिने आजीकडेच असतात आणि तेवढे दिवस त्यांचे पोट आजीच्या त्या १,५०० रुपयांवरच चालते.