मेण : पानावरचे आणि पोळ्यातले

खालापूर तालुक्यातील कुंभिवलीसारख्या गावी पाऊस सुरू झाला, की परसातील अळूच्या पानांवरून पाण्याचे टपोरे थेंब मोत्यांप्रमाणे घरंगळताना दिसतात. पान मात्र कोरडेच राहते. ही किमया पानावरील मेणाच्या अतिसूक्ष्म थराची आहे. मेण स्निग्ध असल्याने पाणी त्यावर पसरत नाही.

चार महिने मुसळधार पाऊस आणि आठ महिने कोरडे हवामान असलेल्या या प्रदेशात हा थर वनस्पतींना दुहेरी उपयोगी पडतो. पावसाळ्यात तो पाणी निथळून टाकतो, तर उन्हाळ्यात आंब्यासारख्या सदाहरित वृक्षांच्या पानांतील ओलावा राखतो. कोहळ्यावरील पांढरी भुकटी हेही मेणच होय. कोहळा महिनोन्‌महिने टिकतो, त्यात या आवरणाचा वाटा असतो.

पोळ्यातील मेण मधमाश्या झाडांवरून गोळा करतात, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः कामकरी माशीच्या पोटाखालील ग्रंथींतून ते पापुद्र्यांच्या रूपाने स्रवते. एक किलो मेणासाठी माश्यांना साधारणतः ६ ते ८ किलो मध खर्ची घालावा लागतो. म्हणूनच मध पिळून उरलेला चोथा फेकून देणे हे मोठे नुकसान आहे.

हा चोथा गरम पाण्यात वितळवून कापडातून गाळावा. मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, पाण्यावर तरंगते आणि निवल्यावर त्याची वडी जमते. लोखंडी भांड्यात मेण काळवंडते, म्हणून स्टीलचे भांडे घ्यावे. बाजारातील मेणबत्ती बहुधा खनिज तेलापासूनच्या पॅराफिनची असते; मधमाश्यांच्या मेणाला मात्र मलमे, सौंदर्यप्रसाधने व पॉलिश यांसाठी मागणी असते.

कर्जत-खालापूरच्या डोंगरांतील ठाकूर व कातकरी बांधवांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येत मधाबरोबर मेणाचाही स्पष्ट उल्लेख असून, पात्र वननिवासींना परंपरेने गोळा होणाऱ्या अशा वनोपजाचा मालकी हक्क व विक्रीचा अधिकार दिलेला आहे.

हक्काबरोबर जबाबदारीही येते. मशालीने माश्या जाळल्यास पुढील वर्षीचा मध आणि मेण दोन्ही बुडतात. केवळ मधाचा भाग कापून पिलांचा भाग राखल्यास वसाहत टिकण्याची आशा राहते. ग्रामसभांनी आणि शिक्षकांनी ही माहिती पाड्यापाड्यांवर पोहोचविल्यास आज फेकला जाणारा चोथा उद्या घरातील चार पैशांचा आधार ठरेल.