‘ओल्वेन’ : एका वेल्श नांवाचा अर्थ

वेल्श स्त्रीनामांत ‘ओल्वेन’ हें नांव मला सर्वांत गोड वाटतें. ‘ओल’ म्हणजे पाऊलखूण आणि ‘ग्वेन’ म्हणजे शुभ्र. पुल्लिंगीं ‘ग्विन’, स्त्रीलिंगीं ‘ग्वेन’. समासांत उत्तरपद होतांना आद्य गकार लोप पावतो व ‘वेन’ उरतें. संधिनियम ज्यांनीं घोकले आहेत अशा वाचकांस याचें नवल वाटणार नाहीं. मात्र वेल्श भाषेंतले असे विकार केवळ ध्वनीच्या सान्निध्यानें होत नाहींत, लिंगासारख्या व्याकरणाच्या कारणांनींही होतात. आणि ते शब्दाच्या आरंभींच होत असल्यामुळें कोश चाळणारा नवशिका पुरता गोंधळतो.

हें नांव एका प्राचीन कथेंतलें आहे. ती संपूर्ण स्वरूपांत इ. स. १४०० च्या सुमाराच्या ‘हेर्गेस्टचें लाल पुस्तक’ या हस्तलिखितांत आढळते. ओल्वेन जेथें जेथें पाऊल टाकी, तेथें तेथें तिच्या मागें त्रिदलाचीं चार शुभ्र फुलें उगवत. म्हणून तिचें हें नांव. तिचा पिता इस्बदादेन हा राक्षस. त्याच्या पापण्या इतक्या जड कीं, त्या काठ्यांनीं उचलून धराव्या लागत. कन्येचा विवाह होईल तोंवरच त्याचें आयुष्य. तेव्हां किल्हूख हा राजपुत्र तिला मागणी घालण्यास येतो, त्या वेळीं हा पिता सुमारें चाळीस दुष्कर कामें त्याच्यापुढें मांडतो. आर्थर राजाच्या साह्यानें राजपुत्र यशस्वी होतो, राक्षसाचा शिरच्छेद होतो आणि त्याच रात्रीं कन्येचा विवाह लागतो. हा पिता दुष्ट खरा, पण त्याचें भय मला अगदींच परकें वाटत नाहीं.

लेडी शार्लट गेस्ट या विदुषीनें १८३८ ते १८४९ या काळांत अशा कथांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यानंतर हें नांव मुलींना ठेवण्याची चाल पडली. तो काळ वेल्श लोकांना मानहानीचा होता. १८४७ च्या सरकारी शिक्षण-अहवालांत त्यांच्या भाषेची व स्त्रियांच्या शीलाचीही निंदा झाली होती. कित्येक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यांत लांकडाची फळी अडकवीत. शिक्षकाच्या पेशानें हें वाचून मान खालीं घालावी! अशा दिवसांत लेकीला जुन्या कथेंतलें नांव ठेवणें ही केवळ हौस नव्हती.

वेल्सबाहेर हें नांव पुष्कळदां ‘ओल्विन’ असें लिहितात. ‘विन’ हा पुल्लिंगी शेवट. त्यामुळें लिंग तर बिघडतेंच, शिवाय वेल्श भाषेंत ‘ओल्विन’ म्हणजे गाडीचें चाक!