यंत्रमानवांच्या शर्यती आणि आपलीं मुलें

गेल्या पावसाळ्यांत रोवणीचीं कामें आटोपल्यावर एक पालक शाळेंत भेटावयास आले. ते गोरेगांव तालुक्यांतील धानाचे शेतकरी. मुलाच्या प्रगतीविषयीं दोन शब्द झाल्यावर त्यांनीं जरा संकोचानें विचारलें, "सर, पोरगा नववीले गेला, अन् रातभर तारा जोडत बसते. हे शिकणं होय का खेळणं?" तेवढ्यांत घंटा झाल्यामुळें मी त्यांस नीट उत्तर देऊं शकलों नाहीं. हाच प्रश्न इतर पालकांच्याही मनांत असावा असें वाटल्यावरून वार्षिकाच्या या अंकांत त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं हा लेख घरीं मोठ्यानें वाचून दाखवावा, म्हणजे दोघांचेंही काम एकदम होईल.

प्रथम शब्दाविषयीं. 'रोबो' हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. कारेल चापेक या चेक लेखकानें १९२० सालीं एक नाटक लिहिलें. त्यांतील कृत्रिम कामकऱ्यांस काय नांव द्यावें अशा विचारांत तो असतां त्याचा भाऊ योसेफ यानें हा शब्द सुचविला. चेक भाषेंत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगार. आपण मराठींत 'यंत्रमानव' म्हणतों खरें, परंतु त्यास मनुष्याची आकृति असलीच पाहिजे असें मुळींच नाहीं. बाहेरची स्थिति जाणणें, तीवरून कांहीं ठरविणें व त्याप्रमाणें कृति करणें हीं तीन कामें जें यंत्र आपलें आपण करितें, त्यास रोबो म्हणावें.

याचें उदाहरण शोधण्यासाठीं आपणांस परदेशीं जावयास नको. गोंदियाच्या राईस मिलमध्यें ज्याला 'सॉर्टेक्स' म्हणतात तें यंत्र ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस वरील व्याख्या लगेच पटेल. तांदूळ उतरत्या पन्हाळींतून पातळ धारेनें खालीं येतो. वाटेंत दोन्ही बाजूंनीं कॅमेरे त्याजवर नजर ठेवून असतात. एखादा काळा किंवा डागी दाणा दिसला, कीं तो ठराविक जागीं पोहोंचण्याच्या आंत त्याच्या समोरची बारीक तोटी उघडते व हवेच्या झोतानें तो एकटा दाणा बाजूस उडविला जातो. पाहणें, ठरविणें आणि करणें हें सर्व पापणी लवण्यापूर्वीं होऊन जातें! पूर्वीं हें काम सूप घेऊन बसलेल्या बाया करीत. त्यांच्या हातचें काम गेलें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. तो विषय निराळा आहे, पण विसरण्यासारखा नाहीं.

आतां शर्यतींकडे वळूं. डीन केमेन या अमेरिकन संशोधकानें १९८९ सालीं 'फर्स्ट' नांवाची संस्था स्थापिली. खेळाडूंस जसा मान मिळतो तसा यंत्र घडविणाऱ्या मुलांसही मिळावा हा त्याचा हेतु. १९९२ सालीं अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर प्रांतांत एका हायस्कुलाच्या व्यायामशाळेंत पहिली स्पर्धा झाली. तींत २८ संघ होते. आज तिचा विस्तार अनेक देशांत झाला आहे. प्रतिवर्षीं नवा खेळ जाहीर होतो: अमुक आकाराचे चेंडू उचलावयाचे, अमुक उंचीवर टाकावयाचे, अमुक वेळांत परत यावयाचें. पूर्वीं मुलांस सहा आठवड्यांत यंत्र बांधून तें मोहोरबंद करून ठेवावें लागे. हें बंधन २०२० च्या हंगामापासून काढून टाकण्यांत आलें.

मला या स्पर्धेंतील दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली अशी कीं, प्रत्येक सामन्यांत तीन संघ एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस असतात, आणि या जोड्या प्राथमिक फेऱ्यांत सारख्या बदलतात. सकाळीं जो प्रतिस्पर्धी होता तो दुपारीं सोबती होतो. अशा ठिकाणीं दुसऱ्याचें यंत्र मोडल्याचा आनंद कोण मानील? उलट आपल्या पेटींतील मोटार किंवा चाक दुसऱ्यास देणें हें तेथें नित्याचें आहे. मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रविद्यालयांतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स (मृत्यु २०१९) यांनीं या वृत्तीस जें नांव रूढ केलें, त्याचें मराठी रूप 'सौजन्ययुक्त कर्तबगारी' असें करतां येईल. दुसरी गोष्ट अधिकच विलक्षण. तेथील सर्वांत मोठें पारितोषिक सामना जिंकणाऱ्या यंत्रास मिळत नाहीं! ज्या संघानें आपल्या गांवांत, शेजारच्या शाळांत, लहान मुलांत ही विद्या पसरविण्याचें काम सातत्यानें केलें असेल त्यास तें मिळतें. त्याचें नांव पूर्वीं 'चेअरमन्स अवॉर्ड' असें होतें, आतां 'इम्पॅक्ट अवॉर्ड' असें आहे. क्रिकेटच्या एखाद्या चषकाविषयीं असा नियम केला तर काय होईल याची विद्यार्थ्यांनीं कल्पना करून पाहावी.

याच परिवारांतील 'फर्स्ट ग्लोबल' ही राष्ट्राराष्ट्रांतील मुलांची स्पर्धा प्रथम जुलै २०१७ मध्यें वॉशिंग्टन येथें भरली. दीडशेंहून अधिक देशांचे संघ आले होते. त्या वर्षींचा विषय होता शुद्ध पाणी. मैदानांत निळे व नारिंगी चेंडू सोडलेले असत. निळे म्हणजे स्वच्छ पाणी, नारिंगी म्हणजे त्यांतील घाण, आणि यंत्रांनीं ते वेगळे करून आपापल्या ठिकाणीं पोहोंचवावयाचे. म्हणजे आपल्या सॉर्टेक्सचेंच काम, मात्र चाकांवर पळत! भारताच्या वतीनें मुंबईचीं सात मुलें गेलीं होतीं. त्यांचें साहित्य तपासणींत अडकून राहिल्यामुळें यंत्र जोडून सिद्ध करण्यास त्यांस जेमतेम दोन आठवडे मिळाले. तरीही यंत्ररचनेबद्दलचें चांग हेंग सुवर्णपदक त्यांनीं मिळविलें. चांग हेंग हा दुसऱ्या शतकांतील चिनी शास्त्रज्ञ. भूकंपाची दिशा दाखविणारें पात्र त्यानें बनविलें होतें. त्याच स्पर्धेंत अफगाणिस्तानांतील हेरात शहरच्या सहा मुली होत्या. त्यांस अमेरिकेंत येण्याचा परवाना दोनदां नाकारला गेला. अखेर तो मिळाला, त्या आल्या, आणि धैर्याबद्दलचें रौप्यपदक घेऊन गेल्या. आपल्या शाळेंतील मुलींनीं ही हकीकत अवश्य लक्षांत ठेवावी.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची 'रोबोकॉन' ही आशिया-पॅसिफिक देशांची स्पर्धा तर आपल्या पुण्यांतच दोन वेळां झाली. २००८ सालचा विषय गोविंदा हा होता: उंच टांगलेल्या मडक्यांतील लोणी यंत्रांनीं काढावयाचें. २०१४ सालीं विषय होता मातापित्यांस वंदन. एक यंत्र आईबापांचें, दुसरें लहान मुलाचें. आईबाप-यंत्रानें मूल-यंत्रास उचलून झोपाळ्यावर न्यावें, सी-सॉवर बसवावें, असा तो खेळ. मुलास उचलून नेणें सोपें, पण योग्य वेळीं सोडणें कठीण, असें त्या सामन्यांचें चित्रण पाहतांना मला वाटलें. पालकांस तें निराळें सांगावयास नको.

परंतु मुंबई-पुण्याच्या गोष्टी ऐकून आमच्या मुलांच्या मनांत जो पहिला विचार येतो तो मला ठाऊक आहे. "तें तिकडचें, सर." मुंबई येथून रेल्वेनें सुमारें हजार किलोमीटर, तिकडील मुलांस पैसा, साहित्य, शिकविणारे सर्व जवळ. ही गोष्ट खोटी नाहीं. मोठ्या स्पर्धेच्या यंत्रास व प्रवासास लागणारा खर्च धानावर पोट असलेल्या घरांस झेपणारा नाहीं, आणि तो झेपत नाहीं म्हणून कोणत्याही पालकानें मनांत ओशाळें होऊं नये. पण विद्येचा आरंभ इतका महाग नाहीं. इटलींतील इव्रेआ या गांवीं २००५ च्या सुमारास विद्यार्थ्यांकरितां 'आर्डुइनो' नांवाची लहानशी पाटी तयार झाली. तिची रचना सर्वांस खुली ठेविल्यामुळें तशा पाट्या आज कांहीं शें रुपयांत मिळतात. तींत आपण लिहिलेला हुकूमनामा भरतां येतो व ती त्याबरहुकूम मोटारी फिरविते. शिवाय २०१६ सालापासून नीति आयोगाच्या 'अटल टिंकरिंग लॅब' योजनेखालीं देशांतील हजारों शाळांत अशा साहित्याच्या खोल्या उघडल्या आहेत. शेजारच्या शाळांतील मुलांसही त्यांचा लाभ मिळावा अशी योजनेंतच अपेक्षा आहे. ज्या शाळांत खोलीस कुलूप व किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटांत, अशी स्थिति असेल, तेथें पालकांनीं विचारणा करण्यास कांहींच हरकत नाहीं.

आमच्या मुलांनीं पहिलें यंत्र केलें तें रेघेवरून चालणारी गाडी. तिच्या पोटाखालीं दोन लहान दिवे व दोन ग्राहक असतात. दिव्यांचा प्रकाश आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं. पांढऱ्या कागदावरून तो परत येतो, काळ्या रेघेंत शोषला जातो. डावा ग्राहक काळ्यावर आला तर डावीकडे वळ, उजवा आला तर उजवीकडे वळ, एवढाच हुकूम. प्रयोगशाळेंत सायंकाळीं गाडी उत्तम चालली. दुसऱ्या दिवशीं प्रदर्शनासाठीं ती व्हरांड्यांत मांडली, तों ती रेघ सोडून थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांखालीं शिरली! मुलें रडकुंडीस आलीं. कोणी बॅटरीस दोष दिला, कोणी एकमेकांस. मीं मुद्दाम कांहीं सांगितलें नाहीं. पाऊण तासानें एका मुलानें सहज आपली सावली गाडीवर पाडली, आणि ती शहाण्यासारखी चालूं लागली. सूर्यप्रकाशांतही तो अदृश्य प्रकाश भरपूर असतो. त्यानें ग्राहक दिपून गेले होते. मग काळ्या कागदाचा घोळ तिच्या पोटाभोंवतीं चिकटविला व काम झालें. ती पाऊण तासाची धडपड हेंच माझें त्या शेतकरी पालकांस उत्तर आहे. तो खेळ खराच. परंतु आपली चूक कोठें आहे हें दुसऱ्यानें न सांगतां शोधून काढण्याची संवय आमच्या पाठ्यपुस्तकांतून क्वचितच लागते. बाजारांत हजारों रुपयांचे तयार संच मिळतात, त्यांत चित्राप्रमाणें तुकडे जोडले कीं यंत्र चालतेंच. असा संच घेण्याकरितां कर्ज काढूं नये. जें पहिल्याच वेळीं चालतें त्यापासून मूल फारसें शिकत नाहीं. आणि रात्रभर जागणें मात्र बंद करावें. दिवसांतून एक तास पुष्कळ झाला.

पुढें तीच गाडी घेऊन मुलें सालेकसा तालुक्यांतील एका प्राथमिक शाळेंत गेलीं. आमच्या आठवींतील वक्त्यानें 'इन्फ्रारेड सेन्सर', 'प्रोग्रॅम' असे शब्द भराभर सांगितले. समोरचीं मुलें स्तब्ध. पांचवींतील एका मुलीनें विचारलें, "हिचे डोळे कुठं आहेत?" वक्ता गडबडला. नंतर त्यानें गाडी उलटी करून ग्राहक दाखविले व म्हणाला, "हे डोळे. यांना फक्त काळं आणि पांढरं कळतं." त्या क्षणापासून सभा जिवंत झाली. त्याच मुलीनें चुलींतला कोळसा आणून कागदाच्या पाठीवर नवी वाट काढली, आणि अगदीं काटकोनांत वळण दिलें. गाडी तेथें दर खेपेस चुकली. "हळू चालवा ना मग," असें ती म्हणाली. आमचीं मुलें वेगाचा आंकडा कमी करावयास शिकलीं तीं तिच्याकडून. आपण शिकविण्यास गेलों होतों, हें परतींच्या गाडींत कोणीही बोललें नाहीं.

निघतांना तेथील एका गृहस्थानें विचारलें कीं, बोडींतलें पाणी रात्रीं किती उतरलें हें असलें यंत्र सांगेल काय? मुलांनीं तें काम हातीं घेतलें. प्रथम तांब्याच्या तारा निरनिराळ्या उंचीवर पाण्यांत सोडल्या. पाणी तारेस लागलें कीं वीज वाहते, एवढी ती युक्ति. चार दिवसांत एका बाजूच्या तारा झिजून गेल्या व दुसऱ्यांवर किटण चढलें. रसायनशास्त्राच्या पुस्तकांतील विद्युत्-अपघटन बोडींत घडत होतें! मग तारा काढून टाकल्या. आतां एका नळींत रिकाम्या डबीचा तरंगता गोळा आहे, त्यास लोहचुंबक बांधला आहे, आणि नळीच्या बाहेर बोटबोट अंतरावर चुंबकानें मिटणारीं लहान बटणें आहेत. पाण्यास वीज लागतच नाहीं. हें यंत्र सध्यां शाळेच्या विहिरीवर बसविलें आहे. रोज सकाळीं प्रार्थनेपूर्वीं सातवींतील दोन मुलें त्याचा आंकडा फळ्यावर लिहितात, आणि त्याच्या शेजारीं दोरी सोडून स्वतः मोजलेला आंकडाही लिहितात. दोहोंत अजून दोन बोटांचा फरक पडतो. तो कां पडतो याचा शोध चालू आहे.