सैनिकाला मानवंदना देता, त्याच्या घराकडे कोण पाहणार?

दरवर्षी १ जानेवारीला आम्ही भीमा-कोरेगावला जातो. विजयस्तंभासमोर उभे राहून १८१८ च्या शूरवीरांना मानवंदना देतो. बाबासाहेब सुभेदार रामजींचे पुत्र होते, १८९० च्या दशकात आमच्यासाठी बंद झालेले सैन्याचे दरवाजे उघडण्यासाठी समाज झगडला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. हा इतिहास आम्हाला तोंडपाठ आहे. पण आज सीमेवर उभ्या असलेल्या आमच्याच गल्लीतल्या पोराच्या मनात काय चालले आहे, हे आम्ही कधी विचारले काय?

काही वर्षांपूर्वी एक भगिनी आमच्याकडे आली. नवरा काश्मीरमध्ये ड्युटीवर आणि इकडे शेताच्या बांधावरून भावकीने दावा ठोकलेला. तारखेला हजर राहता येत नाही, म्हणून तो आतल्या आत कुढत होता. "वकीलसाहेब, त्यांना गोळीची भीती वाटत नाही, पण घरचा फोन आला की हात कापतात," असे ती म्हणाली.

विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाला दिवाणी दाव्यात संरक्षण देणारा कायदा १९२५ पासून आहे. जिल्हाधिकाऱ्याने न्यायालयाला तसे कळविले, तर सैनिकाच्या गैरहजेरीत दावा पुढे न रेटता तहकूब ठेवता येतो. हा कायदा आम्हालाही तोवर धड ठाऊक नव्हता, हे कबूल केले पाहिजे. अर्ज केला, दावा तहकूब झाला. बांधाचा वाद मिटला नाही, पण त्या रात्री तो फोनवर पोरांशी बोलला.

ताण फक्त गोळीबाराचा नसतो. रजा मिळत नाही, आईचे दुखणे वाढते, पोरांची फी थकते, आणि वर "तू फौजी आहेस, रडतोस काय?" हा टोमणा! मन आजारी आहे असे सांगावे तर मेडिकल कॅटेगरी खाली जाण्याची, बढती अडण्याची धास्ती. मग तो बोलणार कोणाजवळ?

कायद्याचा विरोधाभास तर पाहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दंडविधानातील जुने कलम ३०९ उरले नाही. परंतु सेना अधिनियम, १९५० च्या कलम ६४ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हाच आहे. नागरिकाला उपचार आणि सैनिकाला कोर्ट मार्शलची भीती, हा कुठला न्याय? हे कलम बदलले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये सुरू झाला. जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालये आहेत. पण तिथपर्यंत त्या भगिनीला नेणार कोण?

इथेच चळवळीचे काम सुरू होते. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील सैनिक कुटुंबांची यादी करावी. रविवारच्या वंदनेनंतर दोघांनी त्यांच्या घरी जावे. तलाठ्याकडचे, शाळेचे, दवाखान्याचे काम वाटून घ्यावे. आंबेडकरी वकिलांनी अशा घरांचे दावे फी न घेता चालवावेत. आम्ही ते करतो आहोत. आणि घरच्यांनीही प्रत्येक भांडण फोनवरून सीमेवर पाठवू नये.

दुःख आहे आणि त्याला कारण आहे, हे तथागतांनी शिकविले. दुःख लपवा, असे त्यांनी कधीच सांगितले नाही. आमच्या पोरांना हे सांगण्याची हिंमत आम्ही कधी करणार?

येत्या १ जानेवारीला कोरेगावची गाडी पकडण्याआधी आपल्या गल्लीतल्या सैनिकाच्या घरी घोटभर चहा घ्या. मानवंदनेची सुरुवात त्या उंबरठ्यापासून होऊ द्या.

जयभीम!