इंग्रजीतील विशेषणाची ओळख : व्याख्या, कसोट्या आणि मराठीचा आधार

कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील वीजनिर्मिती १९६२ साली पोफळी (ता. चिपळूण, जि. रत्नागिरी) येथील भुयारी वीजगृहातून सुरू झाली. या वीजगृहाचा इंग्रजी उल्लेख ‘अंडरग्राउंड पॉवर हाऊस’ असा होतो. या तीन शब्दांतील विशेषणे कोणती, असे प्रथम वर्षाच्या वर्गात विचारल्यास ‘पहिले दोन’ हे उत्तर बहुधा येते. उत्तर चूक आहे; विद्यार्थ्याचा तर्क मात्र चूक नाही. ‘नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण’ ही शाळेतील व्याख्या त्याने प्रामाणिकपणे लावलेली असते. ‘पॉवर’ हा शब्द ‘हाऊस’बद्दल विशेष माहिती सांगतोच. प्रस्तुत लेखात या व्याख्येच्या अपुरेपणाचा विचार केला आहे.

मराठीत ही व्याख्या पुष्कळशी निभावते, कारण शब्दाचे रूप तिच्या मदतीला येते. एक नाम दुसऱ्या नामापूर्वी आले, तर ते षष्ठीचा प्रत्यय घेते (‘विजेचा खांब’) किंवा समासात मिसळते (‘वीजगृह’). आकारान्त विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलते : चांगला, चांगली, चांगले. इंग्रजीत यांपैकी काहीच घडत नाही. नाम प्रत्ययाविना नामाशेजारी उभे राहते आणि विशेषण लिंगवचनानुसार बदलत नाही.

म्हणून अर्थाऐवजी स्थान व वर्तन तपासावे लागते. ‘व्हेरी’ लावता येते काय? ‘इज’ किंवा ‘सीम्स’नंतर शब्द येऊ शकतो काय? तरतमभाव दाखवता येतो काय? ‘पॉवर’ या तिन्ही कसोट्यांत नापास होतो. शिवाय ‘थर्मल पॉवर स्टेशन’ यात ‘थर्मल’ हे ‘पॉवर’चे विशेषण आहे, ज्याला स्वतःचे विशेषण लागते ते नामच होय. ‘हायड्रोइलेक्ट्रिक’ला ‘व्हेरी’ लागत नाही, कारण तो शब्द गुणाची मात्रा नव्हे तर प्रकार सांगतो; तरीही तो ‘इज’नंतर येतो आणि त्याचा ‘इक’ हा अंत्यप्रत्यय विशेषणाचा आहे. ‘अंडरग्राउंड’ नामापूर्वी विशेषण आहे. ‘दे वर्क अंडरग्राउंड’मध्ये क्रियाविशेषण आहे. ‘इज’नंतरच्या ‘अंडरग्राउंड’बद्दल मात्र वाद घालता येतो, कारण ‘अपस्टेअर्स’सारखी स्थलवाचक क्रियाविशेषणेही त्या जागी येतात. कसोट्या एकमुखाने बोलत नाहीत, हे विद्यार्थ्यांपासून लपवू नये. जो शब्द अधिक कसोट्यांना उतरतो, तो त्या जातीचा ठळक प्रतिनिधी, एवढेच म्हणणे रास्त ठरते.

याहून अवघड अडचण भाषांतरातून उद्भवते. मराठी भाषक शरीराच्या व मनाच्या अवस्था बहुधा नाम आणि क्रियापद यांनी सांगतो. इंग्रजी तेथे विशेषण वापरते. ‘मला भूक लागली आहे’ म्हणजे ‘आय ॲम हंग्री’. ‘मला भीती वाटते’ म्हणजे ‘आय ॲम अफ्रेड’. ‘माझी खात्री आहे’ म्हणजे ‘आय ॲम शुअर’. विद्यार्थी मनात मराठी वाक्य जुळवतो आणि ‘अफ्रेड’ला नाम, तर कधी क्रियापद ठरवतो. ‘द चाइल्ड इज अस्लीप’ याचे मराठी ‘मूल झोपले आहे’, म्हणून ‘अस्लीप’ हे क्रियापद! त्यातच ‘अस्लीप’, ‘अफ्रेड’, ‘अलाइव्ह’ हे शब्द सहसा नामापूर्वी येत नाहीत. नामाला चिकटलेलाच शब्द शोधण्याची सवय लागलेल्याच्या हातून ते निसटतात.

यावरून वर्गातून मराठी हद्दपार करावी, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ‘रनिंग वॉटर’ आणि ‘वॉकिंग स्टिक’ ही रूपे इंग्रजीत सारखी दिसतात. मराठीत ‘वाहते पाणी’ आणि ‘चालण्याची काठी’ असा भेद उघड होतो. पहिल्यात धातुसाधित विशेषण, दुसऱ्यात धातुसाधित नामाची षष्ठी. हा भेद समजावण्यास इंग्रजी परिभाषेची अर्धी तासिका जाते. मराठीच्या दोन उदाहरणांनी तो क्षणात उमगतो. मराठी अर्थ विचारला की फसगत होते. मराठी रूप विचारले की वाट सापडते.

विशेषणाची स्वतंत्र जात भाषांमध्ये मुळापासून होती, असेही नाही. यास्काच्या निरुक्तातील नाम, आख्यात, उपसर्ग व निपात या चार पदप्रकारांत तिला वेगळे स्थान नाही; ग्रीक-लॅटिन व्याकरणांतही ती नामातच मोडत असे. लिंडले मरे यांच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणात ती स्वतंत्र आहे. इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून दादोबा पांडुरंग यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. म्हणजे ज्या चौकटीतून आपला विद्यार्थी इंग्रजीकडे पाहतो, तिच्या घडणीत इंग्रजीचाच हात आहे.

राहता राहिला प्रश्नपत्रिकेचा मुद्दा. ‘राउंड’ हा शब्द वाक्यातील जागेनुसार विशेषण, नाम, क्रियापद, क्रियाविशेषण किंवा शब्दयोगी अव्यय ठरतो. ‘फास्ट’, ‘हार्ड’ही असेच फिरते. तेव्हा सुटा शब्द देऊन त्याची जात विचारणारा प्रश्न मुळातच सदोष असतो. पूर्ण वाक्य द्यावे आणि जातीसोबत कोणत्या कसोटीने ती ठरवली हेही विचारावे. दोन गुणांच्या प्रश्नात एक गुण कसोटीसाठी राखला, तर ‘पॉवर’ला विशेषण म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने नेमका कोठे रस्ता सोडला, हे उत्तरपत्रिका तपासतानाच दिसेल.